पाहुण्यांसाठी राखीव समुद्र

“ठेव! ठेव ता खाली! दुसऱ्याच्या वाट्याक हात लायतंस? लाज नाय वाटणा तुका?”

ओरडणारी बाई माझ्या खांद्याला लागेल एवढीच होती, पण आवाज असा की एक लाट अर्ध्यात थांबली आणि ऐकून मग फुटली. माझ्या उजव्या हातात बांगडा माशांचा एक ढीग, डाव्या हाताच्या कवेत दुसरा. शर्टावरून खारं पाणी गळतंय. भोवती चाळीस माणसं. कोल्हापुरात परत आल्यावर मी चारशे सांगितली. इथे छापून येणार म्हणून खरा आकडा देतो.

“बाई, मी चोर नव्हे,” मी म्हणालो. “मी फक्त वजन बघतोय.”

हे वाक्य मी बोलायला नको होतं.

“वजन?” बाईनं चाळीस जणांकडे वळून विचारलं. “आयकल्यात? ह्यो आमच्या वाट्याचा वजन करतासा!” मग माझ्याकडे. “वजन कसला बघतंस रे? हय काय बाजार मांडलो हा?”

“दत्त्या, ठेव खाली,” माझी थोरली बहीण आक्का दात आवळून म्हणाली. तिचं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं आणि दोन्ही तळवे दोरानं लाल झालेले. “चार लोकांत माझी आब्रू काढतोस व्हय रं?”

तेवढ्यात मागून शिट्ट्या वाजल्या आणि निळ्या कपड्यातले तीन रखवालदार वाळूतून धावत आले. मला वाटलं, संपलं. आता मला पकडणार. पण ते माझ्यापुढे आडवे उभे राहिले आणि त्या चाळीस जणांनाच मागे ढकलायला लागले. “सर, आप ठीक हैं?” त्यातल्या एकानं विचारलं.

हे सगळं इथवर कसं आलं ते सांगायला हवं, नाहीतर तुम्ही त्या बाईची बाजू घ्याल. सांगितल्यावरही घ्याल म्हणा.

घाटावरून खाली

मी मापाडी. कोल्हापूरच्या गूळ बाजारात एकतीस वर्षं काटा धरला. आमच्या धंद्यात संशय हा पोटाला बांधून हिंडायचा असतो. गुळाचा रवा, म्हणजे ढेप, दिसायला सोन्यासारखा, पण आत दगड आहे का, ओल आहे का, तळाला काळा आहे का, हे हात लावल्याबरोबर कळायला पाहिजे. एका रव्यात मला अख्खं खोरं सापडलं होतं, दांड्यासकट. विश्वास नसेल तर बाजारात विचारा. तिथले लोक माझ्याहून खोटं बोलतात, पण ह्या बाबतीत त्यांना दुजोरा द्यावाच लागतो.

अशा माणसाला जावई म्हणाला, “मामा, कंपनीनं बक्षीस दिलंय. मालवणजवळ समुद्रावर मोठ्या रिसॉर्टमध्ये तीन रात्री. मला रजा नाही. तुम्ही जा.”

जावई सासऱ्याला फुकट समुद्रावर पाठवतो! मी त्याच्या तोंडाकडे बराच वेळ बघितलं. आत दगड लागला नाही, पण म्हणून नसतोच असं नाही. आमच्या मंडळींना घाटाचं पहिलं वळण आलं की पोटात ढवळतं, त्या म्हणाल्या, आक्काला न्या. आक्का चौसष्ट वर्षांची, विधवा, कागलकडे स्वतःचा ऊस स्वतः करते. तिनं आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता. “किती एकराचा आसंल?” एवढंच तिनं विचारलं.

दोन हजार नऊचा डिसेंबर. फोंडाघाट उतरलो तशी हवा बदलली. घाटावर स्वेटर, खाली बनियन. फोंड्याच्या बाजारात चहा घेतला. चहावाल्यानं पैसे घ्यायच्या आधी आम्ही कुठले, कुणाचे, कुणाकडे चाललो हे विचारून घेतलं. आमच्याकडे माणूस अशी चौकशी करतो तेव्हा त्याच्या घरात लग्नाची मुलगी असते. ह्याच्या घरात काय होतं कळलं नाही, म्हणून मी आडनाव खोटं सांगितलं. कसालला उतरून रिक्षा केली. रिसॉर्टचं नाव ऐकल्यावर रिक्षावाल्यानं आक्काच्या पिशवीकडे पाहिलं, पिशवीतून डोकावणाऱ्या भाकरीच्या गाठोड्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “थंय कामाक चललास?”

“राहायला,” मी म्हणालो.

तो देवबागच्या अलीकडे पोचेपर्यंत एक शब्द बोलला नाही. त्यालाही संशय आला असणार.

छत्रीचं सरबत

फाटकात एका रखवालदारानं लांब दांडीचा आरसा रिक्षाखाली फिरवला. रिक्षावाला खाली उतरला आणि स्वतःही वाकून बघायला लागला. म्हणाला, गाडी घेतल्यापासून खालची बाजू बघितलीच नव्हती.

आत गेल्याबरोबर एका मुलीनं कपाळाला कुंकू लावलं आणि कोकमचं सरबत पुढं केलं. पेल्यात कागदाची एवढीशी छत्री. पाऊस नाही, ऊन नाही, पेला छपराखाली. मग छत्री कुणासाठी? मी छत्री काढून खिशात ठेवली आणि सरबत आक्काला आधी पिऊ दिलं. ती दहा मिनिटं ठणठणीत राहिली, तेव्हा मी प्यालो. नंतर मनगटाला निळी पट्टी अडकवली, कात्रीशिवाय न निघणारी. “सर, यामुळे आपण आमचे पाहुणे आहात हे सगळ्यांना कळतं.” आमच्याकडे पाहुणा पाहुणा आहे हे त्याच्या जेवण्यावरून कळतं. पट्टी आम्ही फक्त बाजाराच्या दिवशी म्हशीला बांधतो.

खोली मारुतीच्या देवळाएवढी. पलंगावर टॉवेलचे दोन हंस माना जुळवून बसलेले. मी त्यांना हात लावला नाही. मोडले तर परत कोण घडवणार? तीन दिवस लुंगीनंच अंग पुसलं. गादी अशी की मी बसलो आणि दिसेनासा झालो. आक्कानं चार हाका मारल्या तेव्हा आवाजाच्या रोखानं वर आलो.

आणि तळं! समुद्र सत्तर पावलांवर. मी मोजली. तरी मध्ये एक निळं तळं, काठावर खाटा, खाटांवर माणसं पालथी पडलेली. मी बोट बुडवून चव घेतली. गोडं पाणी!

“एवढं पाणी माझ्या उसाला सोडलं आसतं,” आक्का म्हणाली आणि तळ्याकडे पाठ करून बसली.

जेवणाचं तर विचारू नका. अठ्ठावीस पातेली, एकेकाखाली दिवा. हवं तेवढं घ्या म्हणतात. हवं तेवढं घ्या म्हणणारा माणूस मी बाजारात एकदाच पाहिला होता, त्याचा गूळ विरघळलेला होता. एका पातेल्यावर ‘मालवणी फिश करी’ अशी पाटी. खाऊन तान्ह्या पोरालाही ठसका लागला नसता. वाढणारा माणूस चाळिशीचा, सावळा, मानेत बारीक क्रूस. नाव इनास. मी विचारलं, “मासे कुठले?”

“फ्रेश, सर.”

“फ्रेश कळलं. कुठले?”

“फ्रेश, सर.”

तिसऱ्यांदा विचारल्यावर त्यानं उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं आणि चमचा पुसत म्हणाला, “ट्रकातले. बर्फातसून येतत.”

ह्या सगळ्या वास्तूत मला पहिला खरा माणूस सापडला तो हा.

जेवून किनाऱ्यावर गेलो. माडांच्या पलीकडे वाळूत खांब रोवलेले, खांबांना जाड पांढरी दोरी आणि मध्ये पाटी: ‘हा किनारा फक्त पाहुण्यांसाठी राखीव आहे.’ पाटीच्या मागे अख्खा समुद्र, पुढे आम्ही दोघे. समुद्राला हे कुणी कळवलं होतं की नाही कोण जाणे. त्यानं एक लाट पाटीपर्यंत आणली, वाचली आणि परत नेली.

दोर

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तर आक्काची खाट रिकामी. खिडकीतून पाहिलं. किनाऱ्यावर माणसांची एक रांग, तिथून जरा लांब दुसरी रांग, आणि दोन्ही रांगा समुद्राकडे तोंड करून, मागं मागं सरकत, दोर ओढतायत. दोर पाण्यात गेलेला. टोकाला काय बांधलंय ते दिसत नाही. मला वाटलं, हे लोक समुद्रच ओढतात. खोटं सांगत नाही, पंधरा मिनिटांत समुद्र चार हात अलीकडे आलेला मी ह्या डोळ्यांनी पाहिला.

आणि दुसऱ्या रांगेत, कासोटा घालून, आक्का!

धावत गेलो. “आक्का, हे काय?”

“रापण म्हणत्यात ह्याला,” ती धापा टाकत म्हणाली. “होडीनं जाळं लांब फिरवून सोडत्यात आन् दोन्ही टोकं हितनं वढत्यात. धर की! नुसतं हुबं ऱ्हाऊन बघायला लाज वाटत न्हाई व्हय?”

मी धरला नाही. कशाला धरायचा? कुणाचा दोर, कुणाचं जाळं, धरल्यावर कुणाची जबाबदारी? मी हात पाठीशी बांधून उभा राहिलो. ओढणारे ‘हय्या’ म्हणायचे, पाय वाळूत रुतवायचे, आणि सगळ्यांच्या पुढे ती ठेंगणी बाई. तिला सगळे भामाकाकी म्हणत होते. तासाभरानं जाळ्याचा पोटाचा भाग काठाला लागला तेव्हा पाणी उकळल्यासारखं दिसलं. बांगडे, पेडवे, दोनचार कोळंब्या, एक रागावलेला खेकडा. चांदीचे रुपये सांडावेत तसं सगळं वाळूवर.

मग वाटे घालायला सुरुवात झाली, आणि माझ्यातला मापाडी जागा झाला.

काटा नाही, माप नाही, साधी टोपलीसुद्धा नाही. भामाकाकी मूठ मूठ उचलते आणि वाळूवर ढीग घालत जाते. इथून एक काढते, तिथे दोन टाकते, लांबून डोळे बारीक करून बघते. बोलत नाही. ढीग झाले तसा एक म्हातारा समुद्राकडे तोंड करून, ढिगांकडे पाठ करून उभा राहिला. भामाकाकीनं एका ढिगावर बोट ठेवलं.

“ह्यो कोणाचो?”

“बाबीचो,” म्हातारा न बघता म्हणाला.

“ह्यो?”

“होडीचो.”

“ह्यो?”

“त्या घाटावरल्या बायचो.”

आक्कानं माझ्याकडे बघून तोंड भरून हसू केलं. तासभर दोर धरला तर तिला वाटा! मी शेजारच्या माणसाला विचारलं, ही परकी बाई, हिला कशाबद्दल? तो म्हणाला, “जेणां दोराक हात लायलो तेका वाटो. परको कसलो?”

आता तुम्हीच सांगा. आम्ही तर काटा टांगून, तोलणारा वेगळा, लिहिणारा वेगळा, बघणारे चार जण ठेवून तोलतो, तरी दर बाजाराला हाणामारी होते. आणि इथे डोळ्यांनी घातलेले ढीग, पाठ फिरवून घेतलेली नावं, आणि एक माणूस तक्रार करत नाही! एवढी शांतता असते तिथे काहीतरी शिजलेलं असतं. म्हातारा आणि बाई यांच्यात खूण ठरली असणार. खोकल्याची असेल, पाऊल आपटायची असेल. आणि वाटा कुणाचा कापतील? जी उद्या इथे नसणार तिचा.

म्हणून मी पुढे झालो, एका हातात आक्काचा ढीग उचलला आणि दुसऱ्या हातात बाबी नावाच्या कुणाचा तरी.

पुढचं तुम्ही ऐकलंत.

एक मात्र तुम्हाला सांगतो, जे मी त्या वेळी कुणालाच सांगितलं नाही. वजन सारखं होतं. माझे हे हात छटाकभर फरक ओळखतात, आणि ह्या दोन हातांना फरक सापडला नाही. शेपटीएवढासुद्धा नाही. मी ढीग हातात धरून उभा राहिलो तो त्यामुळेच. बाई ओरडली म्हणून मी गोठलो असं सगळे समजले. समजू दिलं.

कागद

रखवालदारांनी आम्हाला व्यवस्थापकाच्या खोलीत नेलं. तिशीतला, कोट घातलेला, वासाचं पाणी एवढं की मला शिंक आली. आक्का दाराबाहेरच थांबली; ओल्या लुगड्यानं आत गेले तर गालिचा भिजेल म्हणाली.

“सर, आय ॲम सो सॉरी. आपल्याला फार त्रास झाला.”

त्रास? मला?

“ही माणसं पाहुण्यांना असाच त्रास देतात, सर. आपण तक्रार लिहून दिलीत तर आम्हाला काहीतरी करता येईल. मी लिहून आणलंय. फक्त सही.”

कागद इंग्रजीत. मी बाजारात तोलाईची चिठ्ठी दोन्ही बाजूंनी वाचल्याशिवाय घेत नाही. ह्या कागदाची एकच बाजू होती, तीही मी वाचली नाही. त्यानं मराठीत सांगितलं, स्थानिक लोकांनी अंगावर येऊन अपशब्द वापरले, एवढंच. आता तुम्ही विचाराल, एवढा संशयी माणूस तू, तेव्हा कुठे गेला होता तुझा संशय? खरं सांगू? बाहेर मी चाळीस जणांसमोर चोर होतो. आत मी पाच मिनिटांत सात वेळा सर झालो होतो. सही केली. टोकाला दोन टिंबंही दिली.

त्या दिवसभर आक्का माझ्याशी बोलली नाही. तिचा वाटा वाळूवर तसाच राहिला होता.

संध्याकाळी पाच वाजता दार वाजलं. इनास. हातात तीन कप्प्यांचा डबा, वर फडकं.

“तुमचो वाटो,” तो आक्काला म्हणाला. “भामाकाकीन रांधून दिलो. वाटो कोणाचो हय ठेवन घेवक नाय.”

मी डबा आधी माझ्याकडे ओढला. शिव्या दिलेल्या माणसाला कुणी रांधून पाठवतं? हुंगला. बांगड्याचं तिखलं, तिरफळाचा वास नाकातून थेट मेंदूत. आक्कानं डबा माझ्या हातातून घेतला, पिशवीतली भाकरी काढली आणि बसली. तिला काही झालं नाही. तरी मी थांबलो. मग मी एक घास घेतला, आणि अठ्ठावीस पातेल्यांवर मातीच पडली. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, कानातूनही आलं असेल. शेवटी कप्पा बोटानं निपटत होतो तेव्हा इनास दारात अजून उभाच आहे हे लक्षात आलं.

“डबा हवाय का?”

“नाय. एक विचारूचा होता.” तो जरा अडखळला. “कागदार सही तुमी केल्यात?”

“केली. का?”

त्यानं सांगितलं ते थोडक्यात असं. रिसॉर्टनं तालुक्याच्या कचेरीत अर्ज केला होता की पाटीसमोरच्या वाळूवर रापण ओढायला बंदी करा. अर्ज वर्षभर पडून होता, कारण कुठल्याच पाहुण्याची लेखी तक्रार जोडलेली नव्हती. आता मिळाली. उद्या अकराला साहेब जागेवर येऊन बघणार होते.

“मग पलीकडे ओढतील,” मी म्हणालो. “समुद्र काय थोडा आहे?”

“पलीकडे खडप आसा. खडक. जाळा फाटता.” इनासनं बोटानं भिंतीवरच किनारा काढून दाखवला. “दोन्ही अंगाक खडप, मधी ह्येवढीच वाळू. हय नाय ओढली तर खंयच ओढूची नाय. माझी बायल दोरार जाता, भामाकाकी जाता, चाळीस घरां जातत. डबो फाल्यां देवा.” मग एकदम आवाज बदलून, “डबा उद्या दिलात तरी चालेल, सर,” असं शुद्ध मराठीत म्हणून तो गेला. बाहेरून व्यवस्थापक चालला होता.

आक्कानं हात धुतले. पदराला पुसले. दिवसभरात पहिल्यांदा बोलली.

“मासं सारखं होतं का कमी?”

“काय?”

“हातात घेतलं हुतंस न्हवं? तुझा हात मला ठावं हाय. सारखं होतं का कमी?”

“सारखं,” मी म्हणालो.

“मंजी खोट्या मापावर सही केलीस.”

मी बरंच बोललो त्यावर. इंग्रजी होतं, घाई होती, मला काय माहीत. ती गादीवर पाय दुमडून बसली आणि तिनं माझं सगळं ऐकून घेतलं, जसं ती ऊस तोडणाऱ्या मुकादमाचं ऐकून घेते. म्हणजे काहीच न ऐकता.

साहेब

सकाळी नाश्त्याला व्यवस्थापक स्वतः आमच्या टेबलाशी आला. “सर, आपण आणखी दोन रात्री आमचे पाहुणे म्हणून राहा. समुद्राकडचा मोठा सूट. आणि अकराला जरा साहेबांना कालचं सांगा. दोन मिनिटं.”

समुद्राकडचा सूट! दोन रात्री! आणि मला आठवला तो विरघळलेल्या गुळाचा व्यापारी. तोही असाच जास्तीचा एक रवा वर ठेवायचा, तोलून व्हायच्या आधी. आदल्या दिवशी कुठे तरी पोहायला गेलेला माझा संशय धावत परत आला आणि छातीवर बसला. “बघू,” मी म्हणालो आणि पाव गुंडाळून खिशात घातला, न जाणो.

अकराला वाळूवर सगळे जमले. साहेब टोपी घालून, कारकून फाइल धरून, व्यवस्थापक कोटात घाम गाळत. दोरीपलीकडे रापणीची माणसं, पुढे भामाकाकी. साहेबांशी बोलताना तिची भाषा एकदम शाळेत गेली. “साहेब, आम्ही इथे पूर्वीपासून रापण ओढतो. आम्ही कुणाला त्रास दिलेला नाही.” प्रत्येक शब्द इस्त्री केलेला. मला ती काल ओरडणारी बाई बरी वाटली होती.

साहेबांनी कागद काढला. “हे गृहस्थ कोण?”

“मी,” म्हणालो.

“यांनी तुम्हाला त्रास दिला? अंगावर आले? शिव्या दिल्या?”

माझ्या डाव्या बाजूला सूट, उजव्या बाजूला आक्का. भामाकाकीनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती समुद्राकडे बघत होती, कालच्या त्या म्हाताऱ्यासारखी पाठ करून.

“दिल्या,” मी म्हणालो.

व्यवस्थापकाचा श्वास सुटलेला ऐकू आला.

“आणि त्या कमीच दिल्या, साहेब. मी मापाडी आहे. आमच्या बाजारात नाव पुकारलेल्या मालाला तिऱ्हाइतानं हात लावला तर त्याला काट्यालाच टांगतात. मी काल ह्यांच्या दोन वाट्यांना हात लावला. परक्या बाईचा वाटा मारला असेल म्हणून संशय घेतला. हातात धरून तोलले. सारखे निघाले. मी एकतीस वर्षांत काट्यावर असे सारखे दोन रवे बघितले नाहीत. आणि सारखे निघाले हे मी कुणाला सांगितलं नाही, त्याऐवजी हा कागद दिला.”

“म्हणजे तक्रार खोटी?”

“सही माझी. मजकूर ह्यांचा.” मी कोटाकडे बोट केलं. “तक्रार असायची तर त्यांची माझ्यावर पाहिजे.”

साहेबांनी टोपी काढून डोकं खाजवलं. असा तक्रारदार त्यांच्या नोकरीत आला नसावा. कारकुनाला म्हणाले, “लिहा. तक्रारदारानं तक्रार मागे घेतली.” मग खांब आणि पांढरी दोरी बघत, “आणि ही दोरी कुणाच्या परवानगीनं बांधलीय?” व्यवस्थापक इंग्रजीत बोलायला लागला. साहेबांनी मराठीत थांबवलं.

बंदी झाली नाही. नक्की निकाल काय झाला ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. साहेब ‘बघतो’ म्हणून गेले, आणि कचेरीतला ‘बघतो’ किती लांबीचा असतो ते आपल्याला माहीत आहे. आमचा तिसरा दिवस मात्र दुपारी बारालाच संपला. खोली स्वच्छ करायची आहे म्हणाले. मनगटावरची पट्टी कापायला जो आला त्यानं कात्री अशी चालवली की हात वाचला हे माझं नशीब. हंस मी शेवटी मोडले. दोन्ही.

निघण्याआधी मी डबा द्यायला वाळूवर गेलो. खरं तर डबा निमित्त. भामाकाकी जाळं पसरून त्यात अडकलेलं शेवाळ वेचत बसली होती. मनातल्या मनात मी एव्हाना साहेबांना दरडावलं होतं, व्यवस्थापकाला तळ्यात ढकललं होतं आणि चाळीस घरं एका हातावर उचलली होती. ते सगळं सांगायला कुणीतरी हवं होतं. मी डबा ठेवला, खाकरलो आणि म्हणालो, “काकी, मोठ्या मुश्किलीनं वाचवली बघा तुमची रापण. मी ऐन वेळी फिरलो म्हणून. नाहीतर आज संपलंच होतं.”

तिनं डब्याचं झाकण उघडून आत पाहिलं. धुतलेला होता. झाकण लावलं आणि पुन्हा शेवाळ वेचायला लागली.

“तुमी काय पण सांगला असतात,” ती म्हणाली, “रापण फाल्यां ओढूचीच हुती.”